हजेरी आणि सान्निध्य

हजेरीपटावर 'उपस्थित' अशी नोंद झाली, म्हणजे विद्यार्थी खरोखर उपस्थित असतो काय? हा प्रश्न तसा जुनाच. परंतु मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले आणि तो आपल्या घराघरांत येऊन ठेपला. सिंधुदुर्गातील दुर्गम वाड्यांतील मुले नेटवर्कच्या शोधात भर पावसाळ्यात टेकड्या चढत असत. इतक्या कष्टाने वर्गात पोहोचलेल्या मुलाचा आवाज मध्येच तुटला, तर त्याची आठवण कोणाला होते? पडद्यावरील शिक्षणाचा खरा नैतिक प्रश्न हाच होय.

प्रत्येकाने कॅमेरा चालू ठेवावा, असा आग्रह काही शिक्षक धरतात. हेतू चांगला असतो. परंतु एकाच खोलीत सारे कुटुंब राहत असेल, तर आपले घर वर्गाला दाखवताना मुलाला संकोच वाटणारच. सान्निध्य हक्काने मागून मिळत नाही. शिक्षकाने ते आधी द्यावे लागते.

ते दुरून कसे द्यावे, हे संत पौलांकडून शिकावे. सुमारे इ. स. ५७ मध्ये त्यांनी रोमकरांस पत्र लिहिले, तेव्हा ते रोमला गेलेलेही नव्हते. तरीही सोळाव्या अध्यायात ते वीसहून अधिक जणांना नावानिशी सलाम सांगतात. कोणी त्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणी प्रभूसाठी श्रम केले, कोणाची आई त्यांनाही आईच झाली, हे ते कृतज्ञतेने नमूद करतात. गहन सिद्धान्त शिकवणाऱ्या पत्रात ही नावे अनाठायी नाहीत. ज्याला आपली ओळख आहे असे वाटते, तोच निःसंकोचपणे शंका विचारतो.

नावाने हाक मारणे, उत्तरासाठी क्षणभर थांबणे, गैरहजर मुलाच्या घरी विचारपूस करणे, एवढे तर प्रत्येक शिक्षकाला शक्य आहे.

याला मर्यादाही आहे. संत योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कागद व शाई बाजूला ठेवून प्रत्यक्ष भेटीची इच्छा व्यक्त करतात. इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, असे व्हॅटिकननेही २००२ मध्ये स्पष्ट केले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून दूरशिक्षण दिले, तेही अभ्यासकेंद्रांची जोड देऊनच. दुरून दिलेले सान्निध्य भेटीची ओढ वाढवते, तेव्हाच ते खरे.

शाळा पुन्हा भरल्या, तरी फोनवरच्या शिकवण्या राहिल्याच आहेत. मूल त्यातून उठले की, "काय शिकलास?" एवढेच आपण विचारतो. "आज तुला नावाने कोणी हाक मारली?" हेही पालकांनी विचारावे.