ठेव कुणाची, किल्ली कुणाकडे

ऑक्टोबर २०२०मध्ये 'डार्कसाइड' नावाच्या हॅकर टोळीनं दोन सेवाभावी संस्थांना देणगी दिली. 'चिल्ड्रन इंटरनॅशनल' आणि 'द वॉटर प्रोजेक्ट', प्रत्येकी ०.८८ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे साधारण १० हजार डॉलर. टोळीचा धंदा कंपन्यांच्या फायलींना कुलूप घालून खंडणी उकळण्याचा. त्यातला थोडा पैसा चांगल्या कामाला जावा, असं म्हणत त्यांनी देणगीच्या पावत्या इंटरनेटवर टाकल्या. चिल्ड्रन इंटरनॅशनलनं कळवलं, पैसा हॅकरचा असेल तर आम्ही तो ठेवणार नाही. पुढे मे २०२१मध्ये याच टोळीच्या रॅन्समवेअरमुळे अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.

यात नैतिक कोडं फारसं नाही. लुटीतला वाटा गरिबाला, ही दरोडेखोरांच्या गोष्टींइतकीच जुनी सबब आहे. मला त्यातल्या पावत्या आठवत राहतात. दान केलं की त्याचा कागद हवा, कुणीतरी पाहिलेलं हवं, ही हौस खंडणीखोरालाही सुटत नाही. आणि माझ्या कामाला पावती कधीच मिळत नाही, कारण ते नीट झालं तर काहीच घडत नाही.

मी पेनिट्रेशन टेस्टिंग करते. सोप्या शब्दांत, कंपन्या मला त्यांच्या सिस्टीममध्ये घुसायला पगार देतात, म्हणजे खरा चोर कुठून शिरेल ते आधीच कळतं. सही-शिक्क्याचं परवानगीपत्र हातात आल्याशिवाय मी की-बोर्डला हात लावत नाही. महिन्यातले दोन शनिवार मी हेच कसब एका संस्थेसाठी वापरते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना ती संस्था आसरा देते. तिचं नाव-गाव सांगणार नाही, ते न सांगणं हाच तर या लेखाचा विषय. आई नातेवाइकांना कौतुकानं सांगते, "आमची पोर समाजसेवा करते." मला तो शब्द टोचतो. का टोचतो, ते जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा गेले तेव्हा संस्थेचा सगळा कारभार एका जीमेल खात्यावर चालत होता. ते खातं सातजण वापरायचे आणि पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेला होता. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर होता नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाचा. हे सगळं कुठल्याही छोट्या ऑफिसात सापडेल. पण त्याच खात्यात एक एक्सेल शीट होती. बाईचं नाव, माहेरचं गाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचा फोन, मुलं कुठल्या शाळेत घातली, बाईला इथून पुढे कुठे हलवलं. आठ-दहा वर्षांच्या नोंदी, एका ओळीत एक आयुष्य.

संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे आहे काय चोरण्यासारखं? बँकेत तीन महिन्यांच्या किराण्याचे पैसे नसतात."

बहुतेक संस्था हेच म्हणतात. चोर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पैसा येतो. इथे ज्याला ती शीट हवी आहे त्याला पैसा नकोच आहे, त्याला फक्त एक पत्ता हवा आहे. त्याला हॅकिंगही येत नाही. 'देणगी द्यायची आहे' म्हणून तो फोन करेल, नाहीतर नोकरी सोडलेल्या त्या मुलाला चहा पाजेल.

हे छोट्या संस्थांचंच होतं असंही नाही. जानेवारी २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीला आपल्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरल्याचं कळलं. जगभरातल्या किमान ६० राष्ट्रीय संस्थांनी जमवलेली, ५ लाख १५ हजारांहून जास्त माणसांची माहिती त्यात होती. युद्धात, स्थलांतरात, आपत्तीत घरच्यांपासून तुटलेली माणसं, बेपत्ता माणसं, कैदी. घुसखोर आत आले होते ९ नोव्हेंबरला, सापडले १८ जानेवारीला, म्हणजे सत्तर दिवसांनी. आत येण्याची वाट म्हणजे वेळेवर पॅच न बसवलेली एक त्रुटी. ती यंत्रणा दिवसाला सरासरी बारा हरवलेल्या माणसांची घरच्यांशी गाठ घालून देत होती, आणि हल्ल्यानंतर तिलाच बंद करावं लागलं. समितीच्या महासंचालकांनी त्या अज्ञात हॅकरांना जाहीर विनंती केली, की ही माहिती विकू नका, फोडू नका. जिनिव्हातल्या इतक्या जुन्या संस्थेला शेवटी चोराच्या सद्‌बुद्धीलाच हात जोडावे लागले.

आता 'समाजसेवा' हा शब्द. देणगीदार संस्थेला पॅन नंबर देतो तेव्हा त्याला करसवलत हवी असते. नकोशी वाटली तर तो देणगीच देणार नाही, त्याचं काही अडत नाही. रात्री अकराला पोर कडेवर घेऊन दारात उभी राहिलेली बाई मात्र "हा रकाना मी भरणार नाही" असं म्हणू शकत नाही. ती सगळं सांगते, कारण तिला झोपायला जागा हवी असते. म्हणजे तिची माहिती संस्थेकडे आली ती नाइलाजानं. अशा तऱ्हेनं हाती आलेल्या वस्तूला आपल्याकडे चांगला शब्द आहे, ठेव. आणि ठेव सांभाळणाराला विश्वस्त. गंमत म्हणजे महाराष्ट्रात अशा बऱ्याच संस्थांच्या कागदावर 'विश्वस्त' हाच शब्द असतो. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय आयुक्त, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल हे सगळं पैशाच्या ठेवीसाठी. शेवटच्या दोन रुपयांचा हिशेब लागतो. त्या शीटचा हिशेब मागायला कुठलाही ऑडिटर येत नाही.

मग मी तिथे जाऊन शीटला कुलूप लावते, त्यात माझं दान कुठलं? जी गोष्ट त्या बाईची देणी लागते, ती चुकती करायला मी हातभार लावते. कर्जाचा हप्ता भरणाराला कुणी दानशूर म्हणत नाही.

ऑफिसातला माझा एक मित्र यावर म्हणतो, "एवढं तुला वाटतं तर दिसेल त्या संस्थेची वेबसाइट तपास ना, भोकं शोध, ई-मेल टाकून दे. परवानगीची वाट कशाला बघतेस?" त्याचा हेतू चांगला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याला भरपाईची तरतूद आहे, हे त्यालाही माहीत आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ते पटत नाही. मोठ्या बँकेला असा ई-मेल गेला तर तो वाचायला तिच्याकडे माणसं असतात. दोन खुर्च्यांच्या ऑफिसात तो धमकीसारखा वाचला जातो. आणि ज्यांच्याकडे कॉम्प्युटरचं बघणारं कुणी नाही, त्यांच्या हाती चाळीस पानी त्रुटींचा अहवाल देणं म्हणजे काळजीची यादी देऊन निघून जाणं. शिवाय, तिच्या ठेवीला हात लावायचा आणि तिला विचारायचंही नाही, हे तर तिनं घरात पुरेसं भोगलेलं असतं.

या विचारण्याबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिथल्या समुपदेशक मावशींनी. पुष्कळदा बाईच्या फोनवरचं गुगल खातं नवऱ्यानंच उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याच्याकडे असतो, आणि ती कुठे आहे ते त्याला घरबसल्या नकाशावर दिसतं. माझ्या धंद्याची सवय अशी की घुसखोर दिसला की त्याला ताबडतोब बाहेर काढायचं. मावशी म्हणाल्या, "थांब. त्याचा नकाशा एकदम बंद झाला, तर त्याला काय कळेल? की ही पळाली. मग तो हिच्या आईच्या दारात जाईल. आधी हिला विचार, आईला कधी हलवायचं." कुठल्याही सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमात मी हे वाचलेलं नाही. कुलूप कधी लावायचं हे ठरवायचा हक्क त्या बाईचा, कारण त्याचे फटके तिला बसणार.

आम्ही हळूहळू कामं उरकली. सातजणांना सात खाती, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सोडून गेलेल्या मुलाचा नंबर काढला. मग शीट घेऊन बसलो आणि प्रत्येक रकान्यापुढे विचारलं, हा शेवटचा कधी वापरला? काही कधीच वापरले नव्हते, कुठल्याशा जुन्या अनुदानाच्या अर्जात होते म्हणून चालत आले होते. ते पुसले. पाच वर्षांपूर्वीच्या नोंदी पुसूया, असं मी म्हटल्यावर ताईंनी हात आडवा घातला. एका बाईच्या पोटगीच्या दाव्यात, ती नेमकी कुठल्या तारखेला घराबाहेर पडली हे संस्थेच्या जुन्या रजिस्टरमुळेच सिद्ध झालं होतं. "तू पुसशील गं, पण सहा वर्षांनी ती मागायला आली तर मी काय देऊ?" मला उत्तर देता आलं नाही. कमी साठवा, हा आमच्या क्षेत्रातला शहाणपणा बरोबर आहे, पण तो मुख्यतः चोराचा विचार करतो. ठेव परत मागायला येणारीचाही विचार करावा लागतो. जुन्या नोंदी आता शीटमध्ये नाहीत, कागदावर आहेत, लोखंडी कपाटात.

एवढं झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुख्य खात्याची ॲडमिन म्हणून सगळ्या किल्ल्या आता माझ्याकडे होत्या. मी संस्थेच्या कुठल्याच कागदावर नाही. मला कुणी नेमलेलं नाही, मी उद्या नोकरीसाठी जर्मनीला गेले तर कुणाला राजीनामाही द्यायचा नाही. महिन्यातले दोन शनिवार येणाऱ्या पोरीच्या फोनवर तीसेक बायकांचे पत्ते! दुसऱ्या कुठल्या संस्थेत हे दिसलं असतं तर अहवालात मी ते लाल रंगात पहिल्या क्रमांकावर टाकलं असतं.

ताईंना म्हटलं, माझा ॲक्सेस काढा. त्यांना ते लागलं. "का गं, काही चुकलं का आमचं? परकी झालीस?" मी बरंच समजावलं, ते त्यांना कितपत पटलं देव जाणे. पण शेवटी माझ्यासमोर बसून, चष्मा लावून, त्यांनी स्वतः माझं नाव काढलं.

आता काही तपासायचं असलं की ताई लॉग-इन करतात, स्क्रीन माझ्याकडे वळवतात आणि शेजारी बसून राहतात. मध्येच कुणीतरी दार वाजवतं, मग त्या लॅपटॉप मिटून उठतात आणि मला थांबावं लागतं. पूर्वी तासाभरात व्हायचं त्या कामाला अख्खी दुपार जाते.