गौरीपासून होळीपर्यंत

कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन माणसं असतात. ‘अ’ आपलं घर ‘ब’ला विकतो, पैसे घेतो, ताबा देत नाही. ‘ब’ला कोणती दाद मागता येईल? दहा गुण. कलम आठवलं की उत्तर जमलं. बरीच वर्षं मी ठाणे जिल्ह्यातल्या मुलामुलींना कायदा शिकवते आहे, आणि हा प्रश्न वाचताना मला दर वेळी तांदूळ निवडणाऱ्या बाईची आठवण होते. पाखडणं, खडे वेचणं, कणी बाजूला काढणं हे सगळं परीक्षकानं आधीच उरकलेलं असतं. विद्यार्थ्याला फक्त शिजवायचं असतं. कोर्टाच्या पायरीशी आलेला माणूस मात्र निवडलेले तांदूळ आणत नाही, अख्खं पोतं आणतो.

हे निवडणं कुठल्या विषयात शिकवलं जातं? मला सांगायचं आहे ते एवढ्याच एका प्रश्नाबद्दल. आपण कायदा कलमापासून शिकवायला घेतो. कायद्याचं काम मात्र कलमाच्या कितीतरी अलीकडे सुरू होतं.

वर्गात मी एक प्रसंग रचून देते आणि त्यातली बाई मीच होते. दिव्याच्या चाळीत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, पन्नाशीची विधवा. समोर तीन विद्यार्थी, वही-पेन घेऊन. मी सुरुवात करते : “साहेब, माझी खोली गेली हो. दिरानं गिळली. नवऱ्यानं रक्ताचं पाणी करून घेतली होती. नोटरी केलेला कागद होता, तोही आतच राहिला. गौरी गेल्या, दुसऱ्या दिवशी मी धाकटीकडे बदलापूरला गेले, संध्याकाळी येऊन बघते तर दाराला दुसरंच कुलूप.”

एवढं ऐकून मुलं उसळतात. एक म्हणतो फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. दुसरी वारसा हक्काकडे धावते. तिसरा सगळ्यांत हुशार असतो. त्याला १९०८ चा नोंदणी कायदा पाठ असतो, त्यामुळे तो शांतपणे सांगतो, “मावशी, नुसत्या नोटरीवर खोली नावावर होत नाही. दस्त रजिस्टर केला होता का? नाही? मग तुमचा मालकी हक्क सिद्ध होणं कठीण आहे.”

मला तिसऱ्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तो चुकलेला नाही. कळवा, मुंब्रा, दिवा, कल्याण पूर्व या भागांत स्टॅम्प पेपर आणि नोटरीच्या शिक्क्यावर खोल्यांचे व्यवहार झालेले आहेत आणि तो कागद म्हणजे नोंदवलेलं खरेदीखत नव्हे, हे खरं आहे. पण एवढं बरोबर उत्तर ऐकून ती बाई उठून घरी जाईल, आणि तिचं जे हातात येण्यासारखं होतं तेही जाईल. तिनं मालकी मागितलीच नव्हती. तिनं सांगितलं होतं ते एवढंच : काल मी त्या खोलीत राहत होते, आज राहत नाही.

या एका वाक्यासाठी कायद्यात जागा आहे. १९६३ च्या ‘स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट’चं कलम ६ म्हणतं की कुणाला त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याच्या मार्गाशिवाय स्थावर मिळकतीतून बाहेर काढलं, तर त्याला ताबा परत मागता येतो. मालक कोण, हा प्रश्न त्या दाव्यात आडवा येत नाही. मालकीचं भांडण नंतर वेगळं लढा, आधी कुलूप काढा, असा त्यामागचा विचार आहे. मनगटाच्या जोरावर घर मिळवता येतं असं एकदा ठरलं, तर उद्या खऱ्या मालकालाही झोप लागणार नाही. सरकारविरुद्ध हा दावा चालत नाही, आणि त्याला मुदत आहे : बाहेर काढल्यापासून सहा महिने.

म्हणजे साऱ्या हकीकतीत सोन्याचा कण कुठला होता? “गौरी गेल्या, दुसऱ्या दिवशी.” तिघांपैकी कुणीही तो टिपलेला नसतो. रक्ताचं पाणी लिहून घेतलेलं असतं, दिराचा स्वभाव लिहून घेतलेला असतो, तारीख नसते. कारण बाईनं तारीख सांगितलीच नाही, तिनं सण सांगितला. आपली माणसं काळ असाच मोजतात. पाऊस लागला तेव्हा, थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी, नवरात्रात घट बसले त्या दिवशी. आणि सण इंग्रजी महिन्यांत एका जागी राहत नाहीत. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अकरा दिवसांचा हा फरक सहा महिन्यांच्या मुदतीत एखाद्याचं घर बुडवायला पुरतो.

मग पुढचे प्रश्न सुचायला लागतात. मावशी, त्या दिवशी कुलूप बदललेलं कुणी पाहिलं? खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे असते? विजेचं बिल कुणाच्या नावानं येतं? भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या नोंदी होत्या म्हणता, पण ते कालनिर्णय तर आतच आहे. मग गॅसची टाकी आल्याचा मेसेज मोबाईलमध्ये आहे का? तो असला तर त्या पत्त्यावर ती ऑगस्टमध्ये राहत होती याचा एक धागा हाती आला. हे प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणाखाली येत नाहीत. ते बाईकडे नीट बघितल्यावर येतात.

भाषेचंही तसंच आहे. त्या १९६३ च्या कायद्याचं मराठी नाव ‘विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम’ असं आहे. त्या बाईला अनुतोष कळणार नाही. दाद कळते. कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, जामीन, मुचलका, उलटतपास, नक्कल हे शब्द कोर्टाच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आणि अशिक्षित पक्षकाराच्याही तोंडी बसले. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची आहे. मी विद्यार्थ्यांना सांगते की इंग्रजी निवाडे वाचाच, पण बाईशी बोलताना ‘रिलीफ’ नको आणि ‘अनुतोष’ही नको. जो शब्द तिच्याकडे आधीपासून आहे, तोच वापरा.

कलमाच्या अलीकडचं हे काम करणाऱ्यांना आज आपण ‘पॅरालीगल’ म्हणतो. शब्द अमेरिकेतून आला. तिथे तो वकिलाच्या कार्यालयात, वकिलाच्या देखरेखीखाली कागदपत्रं तयार करणाऱ्या पगारी माणसासाठी आहे. आपल्याकडे त्या कामाचे धागे कचेरीबाहेर बाकडं टाकून बसणाऱ्या अर्जनवीसापर्यंत जातात. पण राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २००९ मध्ये योजना आखली तेव्हा त्या शब्दाला वेगळाच अर्थ दिला. आपला विधी स्वयंसेवक वकिलाच्या टेबलाशी बसत नाही, तो वस्तीत असतो. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, बचत गटातली बाई, कायद्याचा विद्यार्थी, असं कुणीही. त्यानं माणसाचं ऐकायचं, अर्ज लिहायला मदत करायची आणि त्याला योग्य दारापर्यंत पोचवायचं.

दारं आहेत. ठाण्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या पातळीवर समित्या आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे, आणि त्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. दिव्याची ती बाई चार घरची कामं करते की चाळीस हजार कमावते, हे कुणी विचारायचं कारण नाही. ती स्त्री आहे, एवढं पुरेसं आहे. हे वाक्य मी वर्गात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी अर्ध्या मुलींना ते नवीन असतं.

कलम पुस्तकात असणं आणि माणसापर्यंत पोचणं यांत केवढं अंतर असू शकतं, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ३७४ होतं. कुणाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा सक्तीनं काम करून घेणं हा त्यानुसार गुन्हा होता. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तेव्हा या कलमाला पंचाऐंशी वर्षं झाली होती. परिषदेला तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव तालुक्यातले वारली आले होते. त्यांच्या पाड्यांवर वेठ चालू होती. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवरा-बायको जन्मभर राबत होते. त्यांना लग्नगडी म्हणत. ते आपली तक्रार ‘गुलामी’ म्हणून मांडत नव्हते, कारण ती त्यांना रीत म्हणूनच माहीत होती.

वारल्यांमध्ये काम करणाऱ्या किसान सभेच्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. पण पाड्यांवर जाताना त्यांच्या उपयोगी पडलं ते पदवीपेक्षा ऐकणं, असं मला वाटतं. माणूस ‘कर्ज’ म्हणतो तेव्हा त्यात बंधन ऐकू येणं, ‘रीत’ म्हणतो तेव्हा त्यात अन्याय ऐकू येणं. मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. वेठबिगारी रद्द करणारा स्वतंत्र कायदा यायला १९७६ उजाडलं. हकीकत आधी आली, स्वतंत्र कायदा फार मागून आला.

सर्वोच्च न्यायालयानंही हे ओळखलं होतं. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९८३ मध्ये निकाल लागला. त्या प्रकरणात तुरुंगात जाऊन स्त्रियांशी बोलायला न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना पाठवलं. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला पहिलं ऐकणारं माणूस हवं होतं, आणि ते वकिलांतलं नव्हतं.

ऐकण्याइतकंच कागद वाचणंही कलमाच्या अलीकडचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून त्यांची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी झाली होती. अशा इमारतीत घर घेणाऱ्यानं महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिला, तर त्याचा निष्काळजीपणा कसा म्हणायचा? त्यानं कागद पाहिला, पण ज्या कागदावर तो उभा होता तो पाहिला नाही. तसं करायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. प्रत्येक कागदाला एक आई-कागद असतो : नोंदणीच्या मागे परवानगी, परवानगीच्या मागे जमिनीचा सातबारा, सातबाऱ्याच्या मागे फेरफार. वरचा कागद हाती आला की त्याची आई कुठे राहते ते विचारायचं आणि तिथे जाऊन विचारायचं. ज्यानं कागद आणून दिला, त्याला विचारून उपयोग नाही. ही सवय पंधरा दिवसांत शिकवता येते, आणि त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही.

सनद लागते ती पुढच्या कामाला. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानं न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क फक्त वकिलांना दिला आहे, आणि तो तसाच असावा. विधी स्वयंसेवकानं “तुमची केस मी बघतो” म्हटलं किंवा फी घेतली की त्याचा दलाल व्हायला वेळ लागत नाही. त्याला उंबरठा शिकवणं हा त्याच्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

पण म्हणून ते काम खालच्या पायरीचं ठरवायचं का? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत इंटर्नशिप आहे : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस. महाविद्यालयांत विधी साहाय्य केंद्रही हवं असतं. ठाण्याचं टीएमसी लॉ कॉलेज असो वा दुसरं कुठलं, हा नियम सगळ्यांना आहे. तरीही मुलांच्या मनात खरा कायदा म्हणजे निवाडे आणि युक्तिवाद, आणि वस्तीत जाऊन ऐकणं म्हणजे जर्नलची पानं भरणं, अशी वाटणी झालेली असते. ती वाटणी आम्ही शिक्षकांनीच केली, कारण गुण आम्ही तसेच दिले. कल्याणच्या कोर्टात उद्या उभ्या राहणाऱ्या वकिलाचा दावा कसा टिकेल, हे बहुधा युक्तिवादाच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. कुणी तारीख विचारली की नाही, एवढ्यावरून.

म्हणून आता मी तो प्रसंग पुन्हा करून घेते. या वेळी नियम एकच : पहिली वीस मिनिटं एकही कलम उच्चारायचं नाही. मुलं आधी अस्वस्थ होतात, मग विचारायला लागतात. मी वर्ष २०२४ धरायला सांगते. कुणीतरी मोबाईलवर पंचांग काढतं. गौरी विसर्जन १२ सप्टेंबरला, म्हणजे कुलूप बदललं १३ सप्टेंबरला. बोटांवर महिने मोजले जातात आणि सहावा १३ मार्च २०२५ ला भरतो.

गेल्या खेपेला मागच्या बाकावरची, कसाऱ्याहून येणारी एक मुलगी त्या तारखेशी थांबली. तिनं पुन्हा पंचांग पाहिलं आणि बाईला सांगायचं वाक्य वहीत लिहिलं : “मावशी, होळी पेटायच्या आत दावा लागला पाहिजे.”