कबुली मिळवण्याचं शिक्षण

खुनी सापडावा म्हणून पोलीस खोटं बोलला तर चालेल का? लगेच उत्तर देऊ नका. तुम्ही अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर आज ना उद्या ज्युरीचं बोलावणं येईल, आणि कदाचित आरोपीची कबुलीच तुमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवली जाईल.

भारतात पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीच ते लिहून ठेवलं आणि 2023 च्या साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. (त्याने कोठडीतला मार थांबला नाही, हे तुम्हाला सांगायला नको.) अमेरिकेत मात्र हात न लावता, नुसतं बोलून मिळवलेली कबुली ज्युरीपुढे जाऊ शकते. आणि ते बोलणं रीतसर शिकवलं जातं.

शिकागोचे जॉन रीड मूळचे पोलीस. त्यांच्या नावाची पद्धत इथल्या पोलिसांच्या कित्येक पिढ्यांनी गिरवली. तिच्या नऊ पायऱ्या आहेत. सुरुवातच ‘तू हे केलंस, आमची खात्री आहे’ इथून. समोरचा नाकारू लागला की त्याला मध्येच तोडायचं. मग सूर मऊ करायचा: तुझ्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं. शेवटी दोन पर्याय: ठरवून केलंस, की रागाच्या भरात? दोन्हींत कबुलीच. ‘आधी दूध पिणार की आधी अंघोळ?’ असं विचारणाऱ्या आपल्या आयांना हे तंत्र नवं नाही.

मारहाणीपेक्षा ही रीत बरी होती, हे रीड यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. पण 1955 साली नेब्रास्कातल्या लिंकन शहरात त्यांनी स्वतः तासन् तास विचारपूस करून एका तरुणाकडून बायकोच्या खुनाची कबुली घेतली. त्याने ती लगेचच मागे घेतली, तरी तुरुंग चुकला नाही. खुनी दुसराच होता. राज्याने त्याचं निर्दोषत्व मान्य केलं ते 2012 साली. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता.

आता खोटेपणाचं. ‘तुझ्या भावाने सगळं सांगितलंय’ अशी थाप मारून घेतलेली कबुली 1969 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चालवून घेतली. इंग्लंडमध्ये ‘तुझ्या बोटांचे ठसे मिळालेत’ ही थाप आरोपीला आणि त्याच्या वकिलालाही मारली गेली, तेव्हा 1987 साली अपील न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. पुढे गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅमच्या बॉम्बखटल्यांतली माणसं पंधरा-सोळा वर्षांनी निर्दोष सुटली. 1992 पासून तिथल्या पोलिसांना ‘पीस’ नावाची नवी रीत शिकवायला सुरुवात झाली: तयारी करा, कशासाठी विचारतोय ते सांगा, हकीकत पूर्ण ऐका, मग विसंगतीवर बोट ठेवा. कबुली हा हेतूच नाही, माहिती हा हेतू.

तुम्ही ‘नरो वा कुंजरो वा’ची आठवण द्याल. धर्मराजही बोललाच की! पण समोर द्रोण आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोलिसाला समोर कोण बसलंय तेच शोधायचं असतं. ठशांची थाप ऐकून हातमोजे घातलेला गुन्हेगार मनात हसतो. निरपराध माणूस मात्र स्वतःच्या आठवणीवरच शंका घेऊ लागतो. खोट्याचा भार नेमका चुकीच्या खांद्यावर पडतो.

मला त्या अधिकाऱ्याचा राग येत नाही. त्याची नियत बहुधा चांगलीच असते. खोटं बोलताना आपल्याला जो अडखळा येतो, तो वर्गातच काढून टाकला जातो. तिथे त्या खोट्याला ‘तंत्र’ म्हणतात आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणून माझ्या मते जाब विचारायचा तो अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना, आणि त्यासाठी कर भरणाऱ्या तुम्हाआम्हाला.

थोडं बदलतंय. 2021 मध्ये इलिनॉय आणि ऑरेगन राज्यांनी अल्पवयीन मुलांच्या चौकशीत अशा थापांवर बंदी आणली. नंतर आणखी काही राज्यांनी. तुमच्या घरात सतरा वर्षांचं पोर असेल, तर अशा राज्यात ते संरक्षण त्याला अठराव्या वाढदिवसापर्यंत आहे.