सुतळीने बांधलेला खटका

एका गावात एक बाई घरघंटीवर दळणं करून संसार चालवत होती. मागच्या खोलीत तिचा मुलगा गिऱ्हाइकांच्या कपड्यांना इस्त्री करायचा. संध्याकाळी त्यातच विजेची शेगडी लावली की फ्यूज उडायचा.

दर वेळी म्हाताऱ्या वायरमनला बोलवायला जाऊन मुलगा कंटाळला. एके दिवशी त्याने फ्यूजचं किटकॅट ओढलं आणि बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. फ्यूज उडायचा थांबला. मायलेकरं खूश झाली.

काही दिवसांनी घरात जळका वास येऊ लागला. वायरमन आला. मेन बंद करून त्याने बोर्ड उघडला आणि आतली वायर चिमटीत धरली. मऊ झालेलं प्लास्टिक त्याच्या बोटांना चिकटून आलं. आतलं तांबं काळं पडलं होतं.

"फ्यूज उडत होता तोवर घर शाबूत होतं, पोरा," तो म्हणाला.

त्याने नवी वायर ओढली, किटकॅट काढून १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा खटका, बसवला. "आता तार बांधायला नको. खटका पडला तर आधी लोड कमी कर, मगच वर कर."

संध्याकाळी खटका पडला. मुलाने वर केला. पुन्हा पडला. दळणाला माणसं खोळंबली होती. मुलाने खटका वर करून सुतळीने करकचून बांधला. थोड्याच वेळात दिवे गेले. खटका मात्र वरच होता.

वायरमनने येऊन सुतळी सोडवली. "आत दोन धातूंची जोडलेली पट्टी असते. लोड वाढला की ती तापते, वाकते आणि आतली अडक सोडते. बाहेरून खटका कितीही धर, वीज तुटतेच. माणूस तो धरून ठेवणार, हे बनवणाऱ्यांनी ओळखलं होतं."

मग त्याने शेगडीसाठी मेनपासून स्वतंत्र जाड वायर आणली, तिला वेगळा एमसीबी दिला. त्या रात्री घरघंटी, इस्त्री, शेगडी तिन्ही चालली. खटका पडला नाही.

असा खटका जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्युगो स्टोट्झ यांनी १९२४ साली आणला. जळलेली तार बदलण्याचा त्रास त्याने वाचवला; का पडला हे शोधणं माणसाकडेच राहिलं. अडवणाऱ्याचं ऐकण्याआधी त्यालाच बांधायला धावणं, ही आपली जुनी खोड आहे, आणि ती केवळ विजेपुरती नाही.

तुमच्या किटकॅटमध्ये कुणी जाड तार घातली असेल, तर आजच वायरमनला बोलवा.