पक्ष्यांच्या अंड्यांचे रंग

(मननासाठी शास्त्रभाग : अनुवाद २२:६, ७ व मत्तय १०:२९-३१)



मोशेच्या नियमशास्त्रात राजांविषयी, याजकांविषयी व न्यायाधीशांविषयी आज्ञा आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु त्याच शास्त्रात वाटेत आढळणाऱ्या पाखराच्या घरट्याविषयीही एक आज्ञा आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. झाडावर किंवा भुईवर घरटे दिसले आणि आई अंड्यांवर वा पिल्लांवर बसली असली, तर आईस पिल्लांसह धरू नये, तिला जाऊ द्यावे, असा तिचा आशय आहे. ती पाळणाऱ्यास कल्याणाचे व दीर्घायुष्याचे अभिवचन दिलेले आहे. आईबापांचा मान राखण्याच्या थोर आज्ञेस जे अभिवचन जोडले आहे, तेच ह्या लहानशा आज्ञेस जोडले आहे. तेव्हा घरट्यातील अंडे ही देवाच्या दृष्टीने क्षुल्लक वस्तू नव्हे. आज आपण त्या अंड्याकडेच थोडे लक्षपूर्वक पाहू, आणि ते इतक्या नाना रंगांचे का असते, हा प्रश्न विचारू.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात माळरान पुष्कळ. मुरुमाची जमीन, पिवळे पडलेले गवत, कोठे एखादी बोर किंवा बाभूळ. अशा उघड्या भुईवर टिटवी आपली अंडी घालते. घरटे म्हणावे तर एक उथळ खळगा व भोवती चार खडे. बहुधा चार अंडी असतात, टोके आत वळविलेली. त्यांचा रंग मातकट करडा, वर काळ्या-तपकिरी डागांची पखरण. गुराखी पोर दोन हातांवर उभे राहिले तरी त्याला ती दिसत नाहीत; पाय पडेल तेव्हाच कळते. माळावरील रातव्याची अंडीही अशीच भुईच्या रंगाची. आणि नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, त्या माळढोकाचेही तसेच. तेवढा मोठा पक्षी, पण मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्या अंड्याचा रंग सुकलेल्या गवताशी व मातीशी मिळताजुळता, वर तपकिरी डाग. भिंत नाही, कुंपण नाही, झाडाची फांदी नाही; रंग हेच त्याचे कुंपण.

आता पोपटाकडे पाहा. तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, ती पांढरी शुभ्र असतात. पिंगळा ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भगदाडात घालतो, तीही पांढरी. खंड्या व वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ कोरतात, त्यांचीही पांढरीच. विहिरीवर लोंबणाऱ्या सुगरणीच्या विणलेल्या घरट्यातही पांढरीच अंडी. ह्याचे कारण उघड आहे. जेथे अंधार व आडोसा आहे तेथे लपविणाऱ्या रंगाची गरज नाही. उलट काळोखात पांढरे अंडे आईच्या नजरेस लवकर पडते. मग कोणी म्हणेल, होल्याचे घरटे तर उघडे, चार काड्यांचे, तरी त्याची अंडी पांढरी का? अभ्यासक सांगतात की होल्यांची नरमादी पाळीपाळीने बसतात व अंडी सहसा उघडी टाकीत नाहीत. त्यांचे अंगच अंड्यांचे पांघरूण होते. ज्याला जसा आसरा, त्याला तसे वस्त्र.

तरी प्रत्येक रंगाचा उलगडा इतक्या सहज होत नाही. साळुंकी ढोलीत राहते, पण तिची अंडी फिकट निळी. वटवट्याचे इवलेसे अंडे विटेसारखे तांबडे व चकाकणारे. आपल्या बांधांवर कलकलाट करीत हिंडणाऱ्या सातभाईंची अंडी सुंदर निळी. उन्हाच्या किरणांपासून आतील जिवाचे रक्षण व्हावे म्हणून काही रंग असावेत, असे काहींचे मत आहे. आईची प्रकृती उत्तम असल्याची ती खूण असावी, असे दुसऱ्यांचे. ह्यावर विद्वानांत अजून वाद चालू आहे. उत्तरेकडील थंड समुद्राच्या कड्यांवर गिलमॉट नावाचे पक्षी हजारोंच्या दाटीने बसतात व घरटे न करिता खडकावरच अंडे घालतात. तेथे प्रत्येक मादीच्या अंड्यावरील रंग व रेघा निराळ्या, म्हणून त्या गर्दीतही जो तो आपले अंडे ओळखतो.

हे रंग कसे आले, असे विचारले तर आजचे शास्त्र म्हणते की ज्या अंड्यांचा रंग भुईशी जुळला नाही ती कावळ्यांनी, मुंगसांनी व कोल्ह्यांनी खाल्ली. ज्यांचा जुळला ती वाचली, त्यांतून पिल्ले निघाली, त्यांनी तशाच रंगाची अंडी घातली. आणि असे अगणित पिढ्या होत गेले. हे ऐकून काही भाविक जन घाबरतात. त्यांस आम्ही इतकेच सांगतो की, कुंभाराचे चाक कसे फिरते हे कोणी नीट समजावून सांगितले म्हणून कुंभार नाहीसा होत नाही. देव घाई करणारा नाही. ज्वारीचे कणीस एका रात्रीत भरत नाही, तरी ते देवाचेच दान आहे असे आपण म्हणतो. मग टिटवीच्या अंड्यावरील ठिपके लक्षावधी वर्षांत उमटले असतील, तर ते देवाचे नव्हेत असे का म्हणावे?

आता ह्या विषयाच्या मर्माकडे येऊ. जगात पक्ष्यांच्या जाती दहा हजारांच्या वर आहेत. निळी, हिरवी, तांबूस, पिवळट, डागांची, रेघांची अशी त्यांची अंडी पाहून आपणांस वाटेल की ह्यासाठी शेकडो रंग लागत असतील. सोलापुरात चादरीचे सूत रंगविणाऱ्या कारागिरास विचारा. तो म्हणेल, एवढ्या छटांना किती कुंड्या लागतील! परंतु शास्त्रज्ञांनी शोध केला तेव्हा आढळले की जवळजवळ सर्व अंड्यांना मिळून मुख्य रंग दोनच आहेत. एक निळसर हिरवा, दुसरा तांबूस तपकिरी. कवच मुळात चुन्याचे व पांढरे; त्यावर हे दोन रंग कमीअधिक मिसळून, आत मुरून किंवा वर ठिपक्यांनी उमटून, सारी विविधता होते. कोंबडीच्या पोटात कवच घडावयास सुमारे वीस तास लागतात. तिच्या अंड्याची बदामी छटा मुख्यतः शेवटच्या काही तासांत चढते. ती वरवरची असते, म्हणून घासल्यास निघते. निळा रंग मात्र कवचात आतपर्यंत मुरलेला असतो.

आणि हे दोन रंग येतात कोठून? रक्तापासून! रक्तास लाली देणारा जो पदार्थ, तो घडण्यापूर्वीची जी शेवटची पायरी तोच तांबूस तपकिरी रंग; आणि ती लाली जुनी होऊन मोडते तेव्हा जे उरते तोच निळसर हिरवा रंग. म्हणजे माळावरील टिटवीचे मातकट अंडे, सातभाईचे निळे, वटवट्याचे तांबडे आणि आपल्या खुराड्यातील कोंबडीचे बदामी, ह्या सर्वांचा रंग एका रक्ताच्या घराण्यातला आहे.

प्रियजनहो, हे वाचून आपणांस पौलाने अथेनै येथे केलेले भाषण आठवत नाही काय? देवाने सर्व राष्ट्रे एकापासूनच निर्माण केली, हे त्याने त्या गर्विष्ठ नगरात निर्भयपणे सांगितले. आपण ते मोठ्याने वाचतो व आमेन म्हणतो. पण मंडळीच्या घरांत सोयरीक जुळविताना हळूच काय विचारले जाते? मुलगी प्रार्थनेस जाते काय, तिला शास्त्राची ओळख आहे काय, हे नव्हे. तर तिच्या आज्याची जात कोणती होती, हे. काही गावी प्रभुभोजनाच्या दिवशीही मागील वाड्याचे लोक एका बाजूस व पुढील वाड्याचे दुसऱ्या बाजूस बसतात, आणि ह्यास कोणी पाप म्हणत नाही, रीत म्हणतात. ज्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपासून दूर ठेविले, त्यांनीच आपल्याहून दुर्बळ भावास दूर ठेवावे, ह्याहून दुःखाची गोष्ट कोणती? बाजारात लोक पांढऱ्या अंड्यापेक्षा तपकिरी अंड्यास अधिक दाम देतात. पण तो फरक कोंबडीच्या जातीचा आहे, कवचाच्या रंगाने आतील कस वाढत नाही. कडकनाथ कोंबडीचे मांस काळे, तरी तिचे अंडे फिकटच. कवच फोडून पाहा. आत तोच पिवळा बलक, तेच जीवन. जी कवचे आपण फोडून बाहेर आलो, तीच पुन्हा डोक्यावर मिरवीत का बसावे?

ह्याची दुसरी बाजूही आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, हे सर्वांस ठाऊक आहे. तिचे अंडे आकाराने लहान, पण हिरवट व तपकिरी ठिपक्यांचे, कावळ्याच्या अंड्यासारखेच. पावशा व चातक हे सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतात, आणि त्यांचे अंडे सातभाईंच्या अंड्यासारखे निळे असते. येथे रंग एक, पण आतील जीव निराळा. आम्ही त्या पाखरांस दोष देत नाही. त्यांस देवाने तशीच रीत दिली आहे. परंतु माणसाने हे पाहून सावध व्हावे. ख्रिस्ती नाव, बायबलाची पिशवी, रविवारचे धुतलेले कपडे, ही सर्व निळी कवचे आहेत. आत काय आहे हे कवच फुटल्यावर कळते. घरात राग आला म्हणजे, सावकाराकडे तारीख आली म्हणजे, शेजाऱ्याची म्हैस आपल्या पिकात शिरली म्हणजे. तेव्हा जो आवाज निघतो, तो आपला खरा आवाज.

आणखी एक गोष्ट विलायतेतील अभ्यासकांस आढळली. आपल्याकडील रामगंगा पाखराच्या नात्यातला एक पक्षी तिकडे असतो. त्याच्या अंड्यांची २००५ साली बारकाईने पाहणी झाली, तेव्हा दिसले की जेथे कवच पातळ तेथेच तांबूस ठिपके. आणि ज्या जमिनीत चुना कमी, तेथील अंड्यांवर ठिपके अधिक. चुना अपुरा पडला तेथे तो रंगच आधार देतो, असे त्यांचे मत आहे. ज्याला आपण डाग म्हणतो तो दुर्बळ जागेवर दिलेला टेकू आहे. ज्यांच्या घरी दारिद्र्य आहे, आजार आहे, ज्यांस लोक डागी म्हणून हिणवितात, त्यांनी हे मनात धरावे.

आता कर्तव्याचे बोलू. टिटवी रात्री ओरडली म्हणजे अशुभ घडणार, ही समजूत आपल्या काही घरांत अजून आहे. बंधूंनो, ती आपल्या अंड्यांपासून कुत्र्यास, कोल्ह्यास किंवा तुम्हांस दूर नेण्यासाठी ओरडते. वैशाखाच्या उन्हात ती पाण्यात पोट भिजवून येते व ओल्या पिसांनी अंडी थंड करिते. अशा मातेच्या आकांतास अपशकुन म्हणणे हा तिच्यावर अन्याय व देवावर अविश्वास आहे. पेरणीपूर्वी नांगरताना चार अंड्यांचा खळगा दिसला, तर तेवढा हातभर तुकडा महिनाभर सोडावा. त्याने कोठार रिते होणार नाही. मुलांस घरट्यांतील अंडी काढू देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणेही वन्य पक्ष्यांची अंडी काढणे गुन्हा आहे. माळढोकाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. जो पक्षी एका काळी आपल्या माळांवर सहज दिसे, तो शिकारीने, माळ मोडल्याने व विजेच्या तारांनी इतका घटला की आज साऱ्या जगात दीडशेच्या आसपासच उरला आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो दिसणे दुर्मिळ झाले आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून त्याची अंडी जपून उबवून पिल्ले वाढविण्याचे काम चालले आहे. पूर्वी जे माळावरची माती व गवत फुकट करीत होते, त्यासाठी आता माणसास रात्रंदिवस खपावे लागत आहे. अंड्याचा रंग मातीशी जुळतो, पण ती मातीच राहिली नाही तर रंगाने काय करावे?

उपदेशक बंधूंस एक सूचना. येत्या रविवारी शाब्बाथ शाळेत दोन कोंबड्यांची दोन रंगांची अंडी न्यावी, मुलांसमोर एका बशीत फोडावी, आणि कोणते कोणाचे हे ओळखावयास सांगावे. कोणासही ओळखता येणार नाही. मग त्या दोहोंची एकच पोळी तव्यावर भाजून सर्व वाड्यांच्या मुलांस एका पंगतीत बसवून वाटावी. मोठ्यांनी दारात उभे राहून पाहावे, आणि जागा असल्यास आत येऊन त्यांच्या शेजारी बसावे.

एका चिमणीसही जो विसरत नाही, तो आपला स्वर्गीय पिता आपणां सर्वांस एका पंखाखाली ठेवो. आमेन.