दुसरा नकाशा

गेवराईत बसून अवकाशीय संख्याशास्त्र शिकायला घेतलं, तरी पहिला धडा बहुधा नेदरलँड्सचाच मिळतो. 'आर' ही संगणकभाषा फुकट, तिचं 'जीस्टॅट' पॅकेज फुकट आणि सरावाला जी माहिती हाती येते ती म्यूज नदीच्या पूरपट्ट्यातली. स्टाइन गावाजवळ उचललेले मातीचे 155 नमुने, प्रत्येकात जस्त, शिसं, तांबं, कॅडमियम किती याची नोंद. नदीकाठी जस्त जास्त, काठापासून दूर गेलं की कमी. दहा-बारा ओळी लिहिल्या की मोबाइलच्या इंटरनेटवर चालणाऱ्या लॅपटॉपवरही रंगीत नकाशा उमटतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, विद्या आली.

गेवराई तालुक्याच्याच उत्तरेला, राक्षसभुवनपाशी, गोदावरी वाहते. तिच्या काठच्या काळ्या जमिनीत ऊस, वर माळाला कापूस आणि बाजरी. हा फरक इथल्या शेतकऱ्याला नकाशाशिवाय कळतो. मग त्याच्या मुलानं किंवा मुलीनं ही विद्या कशासाठी शिकायची? माझं उत्तर एकच आहे: पावसासाठी.

पाऊस महसूल मंडळानुसार मोजतात. मादळमोही, उमापूर, चकलांबा, तलवाडा अशा एकेका मंडळात कितीतरी गावं येतात आणि मंडळाचा आकडा मात्र एका ठिकाणी उभ्या असलेल्या, वीतभर तोंडाच्या भांड्यातून येतो. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. पंचनामे, मदत, विम्याचे वाद, सगळ्यांत हा आकडा आडवा येतो. पण वळवाचा पाऊस मंडळाची हद्द ओळखत नाही. एका शिवारात ओढे फुटतात आणि शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही, हे ज्यानं पाहिलंय तो तहसीलसमोर तावातावानं बोलतो. त्याच्या बोलण्याला पुरावा म्हणून मात्र कुणी धरत नाही.

ज्या शास्त्राकडे या तक्रारीसाठी नेमके शब्द आहेत, ते खाणीतून आलं. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंते डॅनी क्रिग यांनी 1951 साली विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींवर प्रबंध लिहिला. मोजक्या ठिकाणी छिद्रं पाडून मधल्या खडकात सोनं किती, हा प्रश्न होता. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी त्याला गणिताचा पाया दिला आणि पद्धतीला 'क्रिगिंग' हे नाव दिलं. तिचा गाभा व्हेरिओग्राममध्ये आहे. मोजलेल्या ठिपक्यांच्या जोड्या लावायच्या, अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक कसा वाढतो ते पाहायचं, आणि त्यावरून न मोजलेल्या जागेचा अंदाज बांधताना कोणत्या ठिपक्याला किती वजन द्यायचं ते ठरवायचं. कधी कधी अंतर जवळजवळ शून्य असूनही फरक शिल्लक राहतो. त्याला 'नगेट' म्हणतात, म्हणजे सोन्याचा गोळा: एका छिद्रात सापडला, हातभर अंतरावरच्या छिद्रात नाही. आपल्या बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचा पाऊस तो हाच.

क्रिगिंग दोन नकाशे देतं. पहिला अंदाजाचा, दुसरा त्या अंदाजाच्या अनिश्चिततेचा. ऑनलाइन शिकणारे बरेचसे जण पहिल्यावर थांबतात, कारण तो देखणा असतो. मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो. पर्जन्यमापकाजवळ तो शांत असतो. जसजसं दूर जावं तसतसा 'इथलं मला खात्रीनं सांगता येत नाही' असं बोलू लागतो. मंडळाच्या एका आकड्याला हे बोलणंच येत नाही. 64 म्हणजे 64.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मंडळात एकच भांडं असेल, तर एक-दोन किलोमीटरवर पाऊस किती बदलतो हे त्या आकड्यांतून निघत नाही. संगणक व्हेरिओग्रामचा वक्र काढून देतो. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला मोजमापाचा आधार नसतो. म्यूजच्या आयत्या ठिपक्यांवर शिकलेल्याच्या हे सहसा लक्षात येत नाही, कारण ते ठिपके कुणी, कसे, कुठं उभं राहून घेतले हे त्याला पाहावं लागत नाही.

साताऱ्याच्या बुध गावात 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे इथे आठवतात. पीक कापणी प्रयोगाचा तुकडा केवढा असावा, यावर त्यांचा महालनोबीस या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाशी वाद झाला. तुकडा फार लहान असला तर कडेची बाहेरची रोपं आत मोजली जातात आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी 1940च्या दशकात दाखवलं. ही चूक सूत्रात नव्हती, शेताच्या कडेला होती. अशी चूक ओळखायला कडेला उभं राहिलेला माणूस लागतो, आणि गेवराईच्या विद्यार्थ्याची खरी शिदोरी हे कडेला उभं राहणंच आहे.

केंद्राच्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचं ठरलं आहे. ठिपके वाढतील. ते आकडे रोजच्या रोज, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, कुणालाही उतरवून घेता येतील असे खुले असावेत, ही मागणी ग्रामसभेतून व्हायला हवी. तोवर वाट पाहत बसायचं कारण नाही. एका गावाच्या शिवारात, शाळेच्या आवारात एक आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शेतात एक, अशी दोन साधी भांडी मृगाआधी रोवता येतात. रोज सकाळी साडेआठला दोन आकडे वहीत लिहायचे. एका पावसाळ्यात व्हेरिओग्रामचं ते रिकामं टोक भरायला सुरुवात होते.