विरजणावरचा विश्वास

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी चकलीच्या भाजणीवरून वाद ठरलेला. सौभाग्यवतींचे म्हणणे, भाजणी घरीच भाजायची आणि गिरणीत समोर उभे राहून दळून आणायची. माझे म्हणणे, दुकानातली पुडी आणावी. तांदूळ, डाळी, धने-जिरे, सारे तिच्यावर छापलेलेच असते. "छापलेलं असतं हो, पण आत तेच आहे हे कुणी पाहिलंय?" या प्रश्नापुढे मी नेहमी गप्प बसतो.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. त्याच्या मांडीवरच्या संगणकावर अक्षरांच्या ओळी धावत होत्या. मी विचारले, "हे काय रे?" तो हसून म्हणाला, "भाजणी दळतोय, सर."

तो डेबियन नावाची, साऱ्यांना मोकळी असलेली प्रणाली वापरतो. अॅप्ट या पॅकेज मॅनेजरला सांगितले की तयार प्रोग्राम घरपोच येतो. पण मागितले तर त्याची मूळ संहिताही मिळते, आणि तीवरून तोच प्रोग्राम आपला आपण पुन्हा बांधता येतो. दोन्ही शेवटच्या बिटापर्यंत जुळले, तर पुडीवरचे छापील खरे. मौज अशी की, सचोटीने बांधलेलेही पुष्कळदा जुळत नसत. बांधणीची तारीख-वेळ आत उमटे, फायलींचा क्रम बदले, फोल्डरचे नावसुद्धा शिरे. हे बारीक फरक काढून टाकण्याचे काम डेबियनची मंडळी २०१३ पासून चिकाटीने करीत आली आहेत.

मला ते काहीसे खटकले. बिनपगारी खपणाऱ्या माणसांचे काम असे पडताळून पाहणे हा त्यांचा अपमान नव्हे का? तो म्हणाला, "सर, तुम्ही गणितात पायऱ्या मागायचात, तेव्हा तुमचा आमच्यावर अविश्वास होता का?" मास्तराला त्याचेच शस्त्र लागले!

मग त्याने एक्सझेडची हकिगत सांगितली. फायली दाबून लहान करणारा हा प्रोग्राम एकटा माणूस सांभाळीत होता. जिया टॅन असे नाव घेऊन कुणी मदतीला आला, दोनेक वर्षे इमाने काम करून त्याने विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो उघडणारी किल्ली चारचौघांना दिसणाऱ्या संहितेत नव्हती. वाटपाच्या गठ्ठ्यात होती. त्या गठ्ठ्यावरून घरी बांधणाऱ्यानेही विषच दळले असते. अँड्रेस फ्रॉइंड या गृहस्थांना दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोसे वाटले, म्हणून ते शोधत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारे उघड केले. अर्धा सेकंद! आपल्याला जांभई द्यायला त्याहून जास्त लागतो.

केन थॉम्प्सन यांनी तर १९८४ मध्येच याहून बिकट गोष्ट दाखवली होती. संहितेचा प्रोग्राम करणारा कंपायलर हाही आधीच्या कंपायलरने बांधलेला. त्यात एकदा खोड शिरली की संहिता कितीही स्वच्छ असो, ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहते. मला विरजण आठवले. दूध निर्भेळ, भांडे लख्ख, तरी विरजणच बिघडलेले असेल तर दही तसेच लागणार, आणि उद्याचे विरजण त्यातूनच काढणार. ग्विक्स या पॅकेज मॅनेजरच्या मंडळींनी २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून कंपायलर चढवत नेला, तो याच भयापोटी.

सगळ्यांनी सगळे तपासावे हे अशक्य आहे. चार जण तपासतात म्हणून आपण निर्धास्त झोपतो. पण ते चार जण आपणच, असे प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहून म्हटले तर?

त्या रात्री मला झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने केलेल्या गुणांच्या बेरजेखाली मी न पाहताच 'तपासले' असे लिहून सही केली होती. बेरजेत दहा गुण सुटले होते. चूक कळेपर्यंत त्या मुलाचे वर्ष गेले होते. सहकारी सज्जन, मीही त्या दिवशी सज्जनपणाच करीत होतो.

यंदा सहामाहीचे तक्ते आले, तेव्हा मी पेन्सिल घेऊन पहिल्या रकान्यापासून बेरीज करायला बसलो. समोरच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने ते पाहिले. "का हो, मास्तर, भरवसा नाही?" असे म्हणून तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी डब्यात घरच्या भाजणीच्या चकल्या नेल्या. त्याने एक घेतली. बोलला मात्र नाही.